पद्मिनीला पेट्रोल पचेना

मैत्रिणींनो, आषाढ-श्रावणात कोकणातल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कधी उघडून पाहिली आहे का? झाकण घट्ट लावलेले, वर दादरा बांधलेला, आत तांदळाचे चार दाणे टाकलेले, आणि तरीही मीठ आपले पाझरलेलेच! आमच्या रत्नागिरीत ही गोष्ट कोणी तक्रार म्हणून सांगतसुद्धा नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस जिथे पडतो तिथे पापड सादळणारच, काडेपेटी रुसणारच आणि कपाटातल्या चांगल्या लुगड्याला बुरशीचा वास येणारच. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. पण गाडीच्या टाकीतले पेट्रोलसुद्धा मिठासारखे पाणी धरते, हे मात्र मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले. तेही भर रस्त्यात, सासूबाई मागे बसलेल्या असताना!

आता पाऊस पुन्हा तोंडावर आला आहे. तुमच्याही दारात, पडवीत किंवा गावच्या बंद घराच्या अंगणात एखादी जुनी गाडी, निदान जुनी स्कूटर झाकून ठेवलेली असेल. म्हणून ही गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ सालची हकीगत सांगायला बसले आहे.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मामंजींनी ती १९८६ साली घेतली. कुळी इटालियन फियाटची, जन्म मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यातला आणि नाव चितोडच्या राणीचे! त्या काळी गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावून वाट बघायची. ती दारात आली तेव्हा झाडगावातल्या आमच्या आळीने तिला हळदकुंकू लावले होते. मुंबईत हिच्याच बहिणी काळीपिवळी टॅक्सी होऊन जवळजवळ साठ वर्षे धावल्या. त्यातल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस संपली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "आपली अजून आहे हो!"

पुण्याचा मुलगा दर फोनला एकदा तरी म्हणतो, "आई, काढून टाका ना ते धूड." धूड म्हणे! दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन तिची फेरनोंदणी करताना ह्यांची दमछाक होते हे खरे. पण घरात सासूबाई आहेत, वय वर्षे चौऱ्याऐंशी. गुडघे दोन्ही गेलेले. नव्या ठेंगण्या गाडीत बसायचे म्हणजे त्यांना विहिरीत उतरल्यासारखे वाटते, आणि त्या उंच गाड्यांत चढायचे म्हणजे माडावर चढल्यासारखे. पद्मिनीची बैठक मात्र आमच्या माजघरातल्या बाकाएवढ्या उंचीची. दार उघडले, टेकले, पाय आत घेतले, झाले! गेली कित्येक वर्षे सासूबाई दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसलेल्या नाहीत. म्हणजे पद्मिनी बंद पडली की सासूबाईंचे जग उंबऱ्याशी संपले, असा हिशेब.

तर गेल्या भाद्रपदात कोल्हापूरहून निरोप आला. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीने, आमच्या मावशींनी, अंथरूण धरले होते. वय नव्वदीच्या घरात. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुपारी जेवताना फक्त म्हणाल्या, "नवरात्रात अंबाबाईला जाऊन येऊ का गो आपण?" अंबाबाईला की आणखी कोणाला, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. ठरले, घटस्थापनेनंतर दोन दिवसांनी निघायचे.

आता पद्मिनीची गोष्ट. जूनच्या सुरुवातीला ह्यांनी टाकी अर्धी भरून ठेवली होती. पूर्वीपासूनची सवय, 'अडीअडचणीला असावे' म्हणून. मग पाऊस लागला. पडवीतल्या पत्र्याला एक भोक होते. त्याखाली मी बादली ठेवत असे. पण वारा फिरला की थेंब बादलीत न पडता गाडीच्या मागच्या बाजूला, नेमके पेट्रोलच्या झाकणावर पडत. त्या झाकणाची रबरी कडी मामंजींच्या वेळची. ती कडक होऊन तडकलेली होती हे नंतर कळले. गणपतीत गाडी काढली तीच मुळी खोकत, आचके देत. ह्यांचे निदान, "पेट्रोल शिळे झालेय. वरून ताजे घातले की बरे होईल." आमटी आंबली की वरून ताजी आमटी घालून ती सुधारते का हो? पण त्या वेळी मला हा दृष्टांत सुचला नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पंपावर गेलो. पंप कुठला ते विचारू नका, पुढे कळेल तसा त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हताच. सासूबाई हवा खायला म्हणून मागे बसल्या होत्या. पद्मिनीच्या घशात पेट्रोल ओतणे ही एक कलाच आहे. हल्लीच्या नळीच्या तोंडाशी एक बारीकसे छिद्र असते. पेट्रोल किंवा त्याचा फेस तिथवर आला की नळी आपोआप 'टक्' करून बंद होते. नव्या गाड्यांना हे सोयीचे. जुन्या गाडीचा आतला नळ अरुंद आणि वाकडा, त्यात हवेला बाहेर पडायला धड वाट नाही. अर्धा लिटर गेले की फेस वर येतो, टक्! पुन्हा दाबले, टक्! मागे रिक्षांची रांग लागते, भोंगे वाजायला लागतात आणि पंपावरचा मुलगा वैतागून नळी जोरात दाबतो, की पेट्रोल बाहेर उडून गाडीच्या रंगावर आणि आपल्या चपलेवर. अशा वेळी त्याला गोडीने सांगायचे, "बाळा, नळी थोडी बाहेर ओढून धर आणि अर्धीच दाब." दुधाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल ओततो तसे, धार बारीक ठेवली की फेस येत नाही. आणि पहिल्या 'टक्'नंतर एखाद दुसरा प्रयत्न ठीक, पण टाकी गळ्यापर्यंत भरायचा हट्ट धरू नये.

तर दहा लिटर घातले, शंभरीच्या वरच्या भावाने, आणि निघालो. माळनाक्याच्या चढाला लागलो आणि पद्मिनीने एक मोठा उसासा टाकून मान टाकली. चोक ओढला, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही. मागून दोन रिक्षावाले आले, त्यांनी गाडी बाजूला लावून दिली. ह्यांचा पारा चढला. "पाणी घातलेय पेट्रोलमध्ये! दहा लिटर घातल्याबरोबर बंद पडते म्हणजे काय?" मलाही तेच वाटले. सासूबाईंना रिक्षात बसवायचा प्रयत्न केला, त्या बसेनात. शेवटी शेजारच्या दुकानदाराने खुर्ची दिली आणि त्या तिथे रस्त्याकडे बघत बसल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितले नाही.

आम्ही दोघे तरातरा पंपावर परत. तिथे ह्यांनी जे काही ऐकवले ते छापण्यासारखे नाही. पण पंपावरचे व्यवस्थापक गृहस्थ शांत. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिले. म्हणाले, "काकू, तुमचा हक्क आहे, तपासून घ्या." मग त्यांनी घनता मोजून दाखवली, ती त्या दिवशी लावलेल्या आकड्याशी जुळली. गाळणकागदावर नळीचा थेंब टाकला, तो डाग न ठेवता उडून गेला. शेवटी लांब दांडीच्या टोकाला एक लेप लावून ती जमिनीखालच्या टाकीत सोडली. पाणी असेल तर त्या लेपाचा रंग बदलतो. बदलला नाही. मैत्रिणींनो, ही घनता आणि हा गाळणकागद कुठल्याही पंपावर कुणीही ग्राहक मागू शकतो. पेट्रोल कमी मिळाले अशी शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित मापही तिथे असते. आपण बायका भाजीवालीच्या तागडीवर डोळा ठेवतो आणि पंपावर मात्र मुकाट्याने पैसे देऊन निघतो.

ह्यांनी तरी माघार घेताना एक सवाल टाकलाच. "मग इथेनॉल नसलेले पेट्रोल द्या आमच्या जुन्या गाडीला." गृहस्थ हसले. "साहेब, नळी एकच आहे. तिच्यातून जे येते तेच सगळ्यांना." माझा भाचा म्हणतो, पुण्यामुंबईकडे १०० ऑक्टेनचे कसलेसे भारी पेट्रोल मिळते. मिळो बापडे! रत्नागिरीहून पुण्याला टाकी भरायला जायचे आणि ती रिकामी करत परत यायचे, असा तो व्यवहार.

संध्याकाळी गॅरेजवाले भाई आले. मामंजींच्या वेळेपासून पद्मिनीची नाडी ह्यांच्याच हातात. त्यांनी गाडी ओढून नेली, टाकीच्या तळाचा बूच उघडला आणि मला म्हणाले, "भाभी, एक काचेची बरणी द्या. दिखाता हूं." मी लोणच्याची रिकामी बरणी दिली (ती पुन्हा लोणच्याला वापरली नाही, काळजी नको). बरणी भरून त्यांनी ती उघड्यावर, दिव्यापासून लांब, ओट्यावर ठेवली. पाच मिनिटांनी बघते तर काय, बरणीत दोन थर! वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखा निराळाच पदार्थ, आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ.

भाईंनी जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले ते आता तुमच्या-माझ्या भाषेत सांगते. पेट्रोल आणि पाणी एकमेकांचे तोंड बघत नाहीत. पूर्वीच्या शुद्ध पेट्रोलमध्ये कपभर पाणी शिरले तरी ते टाकीच्या तळाशी गपचूप पडून राही. इंजिनाला पेट्रोल नेणारी नळी त्याच्या वर असे, त्यामुळे बहुतेक वेळा निभावून जाई. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्क असतो. त्याचे दोघांशीही सूत जमते. थोडे पाणी असेपर्यंत तो पेट्रोल आणि पाणी दोघांना धरून ठेवतो, अगदी काही घरांतल्या नवऱ्यांसारखा. पण पाणी हद्दीबाहेर गेले की तो पेट्रोलला सोडतो आणि पाण्याचा हात धरून तळाला जाऊन बसतो. वीस लिटर पेट्रोल बिघडवायला चहाचा एक-दीड कप पाणी पुरते. आणि तळाला बसणारे ते एकटे कपभर पाणी नसते, बरोबर लिटरांनी मद्यार्क असतो. तो थर वाढत नळीच्या तोंडाशी येतो, आणि इंजिनाच्या घशात पेट्रोलऐवजी हे पाणचट मिश्रण जाते. वरून दहा लिटर ताजे ओतून आम्ही तो थर ढवळून दिला होता, बस्स.

म्हणजे पाणी पंपावर घातलेले नव्हते. ते आमच्याच पडवीत, माझ्या बादलीच्या दीड हात पलीकडे पडत होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पंपावर जाऊन त्या गृहस्थांना कपभर चहा पाजला आणि चार शब्द बोलून आले. एवढे मात्र मी करायला लावले.

हे मिश्रण काही कालपरवाचे नाही बरं का. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा पहिला प्रयोग आपल्या देशात २००१ साली झाला, आणि त्याच्या तीन ठिकाणांपैकी दोन महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के सुरू झाले. २०२२ मध्ये देशाने १० टक्के गाठले, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्केवाले पेट्रोल मोजक्या पंपांवर आले, आणि २०२५ मध्ये ते जवळपास सगळीकडे झाले. उसापासून होते, मक्यापासून होते, तुकडा तांदळापासूनही होते. परदेशातून तेल कमी आणावे लागते, शेतकऱ्याच्या पदरात दोन पैसे पडतात. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ह्या मिश्रणाला टिकतील अशाच बनवलेल्या आहेत. प्रश्न आहे तो आमच्या राणीसारख्या म्हाताऱ्यांचा. त्यांच्या नळ्या आणि पडदे जुन्या रबराचे. मद्यार्काने ते फुगतात, चिरतात, त्यांचे कण कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतात. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे की साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकीचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले की फरक किरकोळ आहे, आणि जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, ते स्वस्तात होते. त्यानंतर इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारा अर्ज १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. म्हणजे नळी एकच राहणार हे धरून चालायचे.

मंत्रालयाचे एक विसरले असे मला वाटते. तीस हजार किलोमीटर पद्मिनी ह्या जन्मी धावणार नाही. आमच्याकडच्या जुन्या गाड्या धावून झिजत नाहीत, उभ्या राहून झिजतात. कोकणातल्या कितीतरी घरांना आठ-दहा महिने कुलूप असते. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आंब्याला येतात, तोवर गाडी पावसात ताडपत्रीखाली उभी. अशा गाडीचे काय करावे हे पंपावर एका पाटीवर लिहून ठेवायला काय हरकत आहे? वाण्याकडे डाळीच्या डब्यावर नवी की जुनी हे लिहिलेले असते. आमच्या पंपावर मी नळीभोवती दोनदा फिरून पाहिले, 'जुन्या गाडीत फार दिवस साठवू नका' एवढे चार शब्दही कुठे दिसले नाहीत. पंपावरच्या त्या मुलाला तरी कोणी सांगितले असेल?

पथ्य बदलायची पद्मिनीला ही पहिलीच वेळ नाही म्हणा. १ फेब्रुवारी २००० पासून शिसेमिश्रित पेट्रोल देशभर बंद झाले, तेव्हाही ह्यांनी आणि भाईंनी सुतकी चेहरे केले होते, जुन्या इंजिनाच्या झडपा आता जळणार म्हणून. जळल्या नाहीत. आणि शिशाचा धूर मुलांच्या डोक्यात जाण्यापेक्षा झडपा जळलेल्या परवडल्या.

तर भाईंनी टाकी उतरवली, आतून धुऊन वाळवली, सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या घातल्या, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला, झाकणाला नवी कडी बसवली. दोन दिवस गेले. गाळ आणि बिघडलेले पेट्रोल त्यांनी कॅनमध्ये भरून बाजूला ठेवले. गटारात किंवा परड्यात ओतू दिले नाही, आमची विहीर जवळ आहे. तिकडे सासूबाईंनी पिशवी भरून ठेवलेली. रोज सकाळी ती उघडायच्या, बहिणीसाठी केलेल्या कुळथाच्या पिठाचा डबा सादळला नाही ना बघायच्या, पुन्हा बंद करायच्या.

अखेर ललितापंचमीच्या सकाळी सहाला निघालो. कुवारबाव मागे पडले, हातखंब्याच्या तिठ्यावर गोव्याचा रस्ता लागला. पाली, नाणीज. रस्ता रुंद करण्याच्या कामाने डोंगर कापून काढलेले, लाल माती ओली. भातखाचरे पोपटी झालेली, दाणा भरत आलेला. साखरप्याला चहा घेतला. तिथून आंबा घाट सुरू होतो. सासूबाईंना हा घाट पाठ आहे. लग्न होऊन त्या ह्याच घाटाने एसटीतून खाली उतरल्या, पुढच्या बाकावर बसून, कारण मागे पोटात ढवळते. "तेव्हा दर वळणाला वाटायचे, आता आणखी किती खाली नेताहेत मला!" त्या म्हणाल्या.

घाटमाथा तीन-चार वळणांवर राहिला असताना पद्मिनीने पुन्हा आचका दिला. माझ्या पोटात गोळा आला. पण ह्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि म्हणाले, "हे जुने दुखणे आहे, हे मला कळते." चढावर इंजिन तापले की पेट्रोल नळीतच उकळते, त्याची वाफ होते, आणि जुन्या पद्धतीच्या पंपाला वाफ ओढता येत नाही. फियाट आणि ॲम्बॅसडरवाल्यांच्या दोन पिढ्यांना ह्याचे औषध माहीत आहे: ओले फडके. मी डब्याभोवती गुंडाळलेला पंचा काढला, कडेच्या झऱ्यात बुडवला, ह्यांनी तो पंपावर गुंडाळला. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो तसा. वीस मिनिटे थांबलो. दरीत ढग खालून वर चढत होते, माकडे आमच्या डब्याकडे बघत होती. किल्ली फिरवली, राणीसाहेब चालू! जुन्या गाडीतून घाट चढणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि एक जाड पंचा व पाण्याची बाटली हाताशी ठेवा.

घाट संपला की देश लागतो, आणि देशाचे रंगच निराळे. मलकापूर गेले, बांबवडे गेले आणि मग दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पुरुषभर उंच, हिरवागार, वाऱ्यावर सळसळणारा. ह्यांनी सहज सांगितले, "आई, ह्याचाच अर्क आपल्या पेट्रोलात असतो."

सासूबाई बराच वेळ उसाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हा? मग एवढी ओकली कशाला ती? गोडच तर आहे!"

कोल्हापूरचे फार सांगत नाही. दोघी बहिणी बोलल्या थोडेच. मावशींचा हात हातात घेऊन सासूबाई बसल्या होत्या. एकमेकींच्या गोळ्यांचे रंग विचारून झाले, कुळथाच्या पिठाचा डबा उशाशी ठेवून झाला. निघताना मावशींनी विचारले, "कशाने आलीस गं?" सासूबाई ताठ बसल्या. "आमच्या गाडीने." अंबाबाईचे दर्शन रांग पाहून आम्ही बाहेरूनच घेतले. पौषात मावशी गेल्या.

आता पावसाळ्याचे काय करायचे हा प्रश्न मी भाईंना विचारला होता. टाकी भरून ठेवली तर पेट्रोल पाणी ओढते, कोरडी ठेवली तर आमच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून गंजतो. इकडे आड, तिकडे विहीर! त्यांनी सांगितलेला उपाय असा, की जी गाडी महिनोन्‌महिने बंदच राहणार ती टाकी आणि कार्बोरेटर मेकॅनिककडून रिकामा करून घेऊन ठेवावी, आणि परत आल्यावर टाकी तपासूनच ताजे पेट्रोल घालावे. पण घरात माणसे असतील तर गाडी उभी ठेवूच नये. चार-पाच लिटरच घालावे, आठवड्याला एकदा वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवावी, संपत आले की पुन्हा थोडे ताजे. झाकणाची रबरी कडी दर पावसाळ्याआधी बोटाने दाबून बघावी, कडक लागली की बदलावी. पेट्रोलचा वास घरात येऊ लागला तर नळी चिरली असे समजून त्याच दिवशी मेकॅनिकला बोलवावे, उद्यावर टाकू नये. आणि 'असू दे लागेल तेव्हा' म्हणून पेट्रोल बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवणाऱ्या सुज्ञ पुरुषांना तिथल्या तिथे थांबवावे. पडवीच्या पत्र्याचे भोक आम्ही बुजवले, हे सांगायला नकोच.

त्यामुळे हल्ली आमच्याकडे दर रविवारी संध्याकाळी पद्मिनी बाहेर निघते. औषधाची फेरी म्हणतात हे तिला. पंपावर पाच लिटर घ्यायचे, तो मुलगा आता न सांगता नळी अर्धीच दाबतो, मग मांडवीच्या धक्क्यापर्यंत जायचे. सासूबाई मागच्या सीटवरून समुद्र बघतात, सूर्य बुडेपर्यंत. गेल्या रविवारी ह्यांना कणकण होती, म्हणून मी म्हटले, आजची फेरी राहू दे.

"राहू दे काय?" सासूबाई लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत म्हणाल्या, "गाडीचे पेट्रोल खराब होईल ना!"